चिखलाचा आकडा, सडकेचा आकडा

गोसीखुर्दच्या परिसरात जुनी जीप बाळगणाऱ्याला एकाच गाडीकडून दोन वेगळी कामं हवी असतात. पावसाळ्यात नहराच्या काठच्या कच्च्या रस्त्यावर आणि धानाच्या बांध्यांमधल्या वाटेवर, चाकं अर्धी चिखलात गेली तरी, तिने माणसाच्या चालीने सरकत राहावं. दुसऱ्या दिवशी पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूर गाठायचं तर तिने ताशी सत्तर-ऐंशीने, कानठळ्या न बसवता धावावं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी इथल्या धरणाची पायाभरणी केली, त्या काळात दुसरी मागणी फारशी नव्हती. रस्ते अरुंद होते आणि काटा पन्नासच्या पुढे नेण्याचं कारण क्वचित यायचं. आता उमरेडचा रस्ता रुंद झाला आहे, मागून येणारा ट्रक नव्वदने येतो आणि जुन्या जिपेचा टॉप गिअर त्या वेगाला पुरा पडत नाही. मग मालक मिस्त्रीकडे जातो आणि विचारतो: पाचवा गिअर टाकू, ओव्हरड्राइव्ह लावू, की क्राऊन-पिनियन बदलू?

या प्रश्नावर गॅरेजमध्ये जितकी माणसं तितकी उत्तरं मिळतात. माझं उत्तर आधीच सांगतो. क्राऊन-पिनियनचा आकडा गाडीच्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात जड कामावरून ठरवावा, आणि सडकेवरचा आराम ओव्हरड्राइव्हकडून घ्यावा. याला अपवाद आहेत, त्यातला एक मोठा आहे आणि तो पुढे येईल. पण हा क्रम उलटा करून सडकेसाठी ॲक्सल बदलणारे बहुतेक मालक पहिल्या पावसातच पस्तावतात.

आधी हिशेब. इंजिन वेगात फिरतं, चाक सावकाश फिरतं, आणि मधली घट मुख्यतः दोन ठिकाणी होते: गिअर बॉक्समध्ये आणि मागच्या हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये. धरणाच्या ३३ दरवाजांपैकी एखादा उचलताना मोटर गरगर फिरते आणि दरवाजा इंचाइंचाने वर येतो, तसाच हा वेग देऊन जोर घेण्याचा व्यवहार आहे. क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८ असतील तर प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. हाच ॲक्सलचा आकडा. आकडा मोठा तितका जोर जास्त आणि वेग कमी. जुन्या गाड्यांच्या टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, म्हणजे तो गिअर एकास एक. ओव्हरड्राइव्ह म्हणजे शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा गिअर. त्याचा आकडा एकाहून कमी, ०.७५ किंवा ०.८ असा असतो.

हा प्रश्न जगात सर्वाधिक घोटला गेला तो अमेरिकेत, १९६० च्या दशकातल्या मसल कारच्या निमित्ताने. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या गाड्यांची जी लाट आली, तिच्यात चार गिअर असत, चौथा एकास एक, आणि मागे ३.५५, ३.७३ किंवा ४.१० चा ॲक्सल. सिग्नलवरून सुटायला हे उत्तम. पण ३.७३ च्या ॲक्सलवर ताशी ११० ने जाताना इंजिन ३,२०० च्या वर फेरे मारत राहतं. पेट्रोल जातं आणि डोकं दुखतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर कारखान्यांनी ओव्हरड्राइव्ह परत आणला. फोर्डचा एओडी १९८० साली आला, त्याचा चौथा गिअर ०.६७ चा, जनरल मोटर्सचा ७००-आर-४ त्याच्यामागोमाग १९८२ साली आला, ०.७० चा. हौशी लोकांनी हेच बॉक्स, आणि पुढे ट्रेमेकचे पाच गिअरांचे मॅन्युअल बॉक्स, जुन्या गाड्यांत बसवले. ३.७३ च्या ॲक्सलला ०.६८ चा पाचवा गिअर जोडला की गुणाकार अडीचच्या आसपास येतो आणि ११० च्या वेगाला फेरे २,२०० वर उतरतात.

तिथे झालेली चूक आपल्याला जास्त शिकवते. काहींनी मूळचा ३.०८ चा ॲक्सल तसाच ठेवून ०.६४ चा पाचवा गिअर जोडला. गुणाकार १.९७ आला, ११० ला फेरे १,७०० वर गेले आणि तेज कॅमशाफ्टचं इंजिन त्या फेऱ्यांवर ठसके देऊ लागलं. पाचवा गिअर बसवला खरा, पण वापरता येईना. ॲक्सल आणि ओव्हरड्राइव्ह हे एकाच गुणाकाराचे दोन भाग आहेत, ते वेगवेगळे विकत घेण्याच्या वस्तू नाहीत. एवढं लक्षात घेऊन आपल्या जिपेकडे येऊ.

महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जिपांची जुळणी सुरू केली आणि पुढे परवान्यावर त्या बनवल्या. युद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ चा ॲक्सल होता, ३९ दातांना ८. युद्धानंतर शेतकऱ्यासाठी काढलेल्या सीजे-२ए ला ५.३८ दिला, कारण तिने नांगर ओढावा अशी कंपनीची अपेक्षा होती. १९५३ साली आलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी लाही तोच आकडा मिळाला, आणि हीच जीप भारतात अमेरिकेपेक्षा कितीतरी वर्षं जास्त बनत राहिली. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या पेट्रोल जिपेच्या पोटात मुळातच शेतीचा आकडा आहे. तिच्या टी-९० गिअर बॉक्सला तीनच गिअर: २.८०, १.५५ आणि एकास एक. त्याच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, तिचा चिखलासाठीचा लो गिअर २.४६.

६.००-१६ च्या टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटरचा. ताशी ८० ने जाताना चाक मिनिटाला ६०६ फेरे मारतं. ५.३८ वर इंजिनाचे फेरे होतात ३,२५० च्या वर. आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही, आजच्या कारचं इंजिन तेवढे फेरे सहज मारतं. पण विलीजच्या इंजिनाचा स्ट्रोक १११ मिलिमीटरचा आहे. इतका लांब स्ट्रोक असला की ३,२५० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो, आणि १९४० च्या दशकातल्या आराखड्याच्या इंजिनाला नागपूरपर्यंत तासन्‌तास असं पळवणं म्हणजे बेअरिंगं लवकर उघडायची तयारी. त्याची ओढ सर्वांत जास्त असते २,००० च्या आसपास. त्याला २,२०० ते २,५०० मध्ये ठेवलं तर ते वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

आता पर्याय पाहू. ॲक्सल ४.८८ केला तर ८० ला फेरे २,९५०, ४.२७ केला तर २,५९०, ३.७३ केला तर २,२६०. कागदावर ३.७३ सुंदर दिसतो आणि लोक तिथेच फसतात. कारण तोच आकडा नहराच्या चिखलातही लागू असतो. लो लावून पहिल्या गिअरमध्ये एकूण घट किती पडते ते पाहा: ५.३८ वर ३७ पट, ४.२७ वर साडेएकोणतीस पट, ३.७३ वर साडेपंचवीस. इंजिन हजार फेऱ्यांवर ठेवलं तर पहिली जीप ताशी साडेतीन किलोमीटरने सरकेल आणि तिसरी पाचने. दीड किलोमीटरचा फरक वाचताना क्षुल्लक वाटतो. ओल्या मातीवर, धुऱ्यावरून चाक उतरवताना, बाजूला भरलेला नहर असताना तो क्षुल्लक राहत नाही. जीप जास्त वेगाने सरकते म्हणून क्लच दाबावा लागतो, क्लच दाबला की ओढ तुटते, आणि ओढ तुटली की चाक तिथेच बसतं.

ओव्हरड्राइव्ह हा झगडा सोडवतो. विलीजच्या स्पायसर-१८ ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला पीटीओसाठी, म्हणजे बाहेरचं यंत्र चालवायला ताकद काढण्यासाठी, एक झाकण असतं. ते काढून तिथे बसणारं ओव्हरड्राइव्ह अमेरिकेत वॉर्न कंपनीने काढलं होतं, तशाच धर्तीचं सॅटर्न नावाचं नंतर आलं. ते इंजिनाचे फेरे चौथ्या हिश्शाने कमी करतं. ५.३८ तसाच राहतो, गुणाकार चारच्या आसपास येतो आणि ८० ला फेरे २,४५० च्या खाली उतरतात. लिव्हर मागे ओढला की मूळची ३७ पट घट परत हजर. शिवाय हे यंत्र कोणत्याही गिअरमध्ये चालतं, त्यामुळे तीन गिअरांचे सहा होतात: २.८०, २.१०, १.५५, १.१६, १.००, ०.७५. जुन्या तीन गिअरांच्या जिपेत पहिल्या-दुसऱ्याच्या मधली मोठी दरी चालवणाऱ्याला सतत टोचते; धरणाच्या भिंतीकडे चढताना मधला २.१० चा गिअर मिळणं हे मला तर सडकेवरच्या आरामाइतकंच मोलाचं वाटतं.

त्याची किंमत दोन प्रकारांनी चुकवावी लागते. पीटीओची जागा जाते, म्हणून ज्याला जिपेवर थ्रेशर किंवा पंप चालवायचा आहे त्याने याचा विचार सोडावा. आणि ताकद दातांच्या आणखी एका जोडीतून जाते म्हणून थोडी वाया जाते, तेल तापतं. म्हणूनच ओव्हरड्राइव्हमध्ये जड ट्रेलर ओढू नये. तो मोकळ्या सडकेचा, हलक्या भाराचा गिअर आहे. ही यंत्रं परदेशातून मागवावी लागतात हेही खरं, आणि ज्याला ते झेपत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट आहे.

ती वाट म्हणजे पाच गिअरांचा बॉक्स. महिंद्राच्या बोलेरो-थार घराण्यातला एनजीटी-५३० आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हाताखालून हजारदा गेलेला आहे, त्याचे सुटे भाग नागपुरातच मिळतात, आणि त्याचा पाचवा गिअर एकाहून कमी आहे. पण तो टी-९० पेक्षा लांब. सीजे-३बी चा व्हीलबेस फक्त ८० इंच. तिच्यात मागचा प्रोपेलर शाफ्ट आधीच आखूड असतो. लांब बॉक्स घातला की तो आणखी आखूड होतो, त्याचा कोन वाढतो, युनिव्हर्सल जॉइंट लवकर जातात आणि साठच्या पुढे गाडी थरथरते. महिंद्राच्याच ९१ इंची व्हीलबेसच्या एमएम-५४० मध्ये हेच काम बरंच सोपं. आणखी एक खोच आहे. जुन्या विलीजमध्ये मागच्या हौसिंगचा गोळा मधोमध नसून एका बाजूला असतो, कारण स्पायसर-१८ मधून शाफ्ट बाजूने निघतो. नव्या बॉक्ससोबत नवी ट्रान्सफर केस आली आणि तिचा शाफ्ट मधून निघत असला, तर मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. मग काम दुप्पट होतं. हे पैसे देण्याआधी गाडीखाली वाकून पाहायचं असतं, नंतर नाही.

आता वर म्हटलेला अपवाद. आपल्या भागातल्या कितीतरी जिपांमध्ये पेट्रोल इंजिन राहिलेलंच नाही. त्यांत ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल डिझेल आहे, किंवा एमएम-५४० मधलं २,११२ सीसीचं प्यूजो. इंटरनॅशनलचं इंजिन खालच्या फेऱ्यांवर ढकलत राहतं, पण वर जायचं नावच घेत नाही. त्याच्यामागे ५.३८ असेल तर जीप पन्नासलाच घुसमटते. इथे हिशेब उलटतो: इंजिन स्वतःच चिखलातली ओढ देतं, म्हणून ॲक्सल ४.२७ वर आणायला हरकत नाही, आणि आणावाच असं माझं मत आहे. प्यूजो जरा वरपर्यंत फिरतं, त्याच्यामागे ४.८८ आणि पाच गिअरांचा बॉक्स ही जोडी मला इथल्या कामाला सर्वांत शहाणी वाटते. प्यूजोला ३.७३ आणि पाचवा गिअर दोन्ही एकदम देणारा मालक पाचवा गिअर फक्त उतारावर वापरतो. नागपूरचा रस्ता वैनगंगेच्या खोऱ्यातला, जवळजवळ सपाट आहे, तरी समोरून वारा सुटला की तो गिअर काढावा लागतो. सह्याद्रीत आंबोली किंवा आंबेनळीचा घाट रोज चढणाऱ्याने तर ४.८८ च्या खाली उतरूच नये, मग इंजिन कोणतंही असो.

भारतात मसल कारच्या जवळ जाणारं काय, असा प्रश्न विचारला की दोन नावं निघतात. एक कॉन्टेसा. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यावर काढलेली ही गाडी दिसायला अमेरिकन, पण सुरुवातीला तिच्यात ॲम्बॅसडरचं १,४८९ सीसीचं इंजिन आणि चार गिअर. पुढे १.८ लिटरचं इसुझू इंजिन आलं आणि त्याच्यासोबत पाच गिअरांचा बॉक्स. जुन्या कॉन्टेसाला ओव्हरड्राइव्ह हवा असेल तर वेगळा शोध घेऊ नये. इसुझूचं इंजिन आणि बॉक्स एकत्र घालावं, नुसता बॉक्स नको. पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाला पाचवा गिअर पेलणार नाही.

दुसरं नाव जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसान पॅट्रोल-६० च्या धर्तीवर बनलेली, ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी लष्कराच्या लिलावातून विदर्भात आणि मध्य प्रदेशात बऱ्याच हातांत गेली. एवढं इंजिन आणि गिअर तीन. ओव्हरड्राइव्ह कोणत्या भारतीय गाडीला सर्वांत शोभला असता तर या गाडीला, कारण तिच्या इंजिनाला ओढीची कमतरताच नाही. मालकांनी मात्र बहुतेक ठिकाणी पेट्रोलचा खर्च बघून ते इंजिनच काढून टाकलं आणि डिझेल बसवलं. मला याचं वाईट वाटतं. ते सहा सिलिंडरचं इंजिन त्या गाडीचं अर्धं मोल होतं, आणि वरचा एक गिअर मिळाला असता तर कदाचित ते टिकलं असतं.

टायरचं थोडक्यात. ६.००-१६ काढून ७.००-१६ घातला की चाक सुमारे साडेसात टक्क्यांनी मोठं होतं आणि ५.३८ चा ॲक्सल पाचसारखा वागतो. ज्याला थोडाच फरक हवा आहे त्याने हे आधी करून पाहावं. पण स्टीअरिंग जड होतं आणि ड्रम ब्रेकला चाक थांबवायला जास्त जोर लागतो. ब्रेकचा मुद्दा तर सगळ्याच बदलांना लागू आहे. गाडी ऐंशीने शांत धावू लागली म्हणून ती ऐंशीवरून थांबेल असं नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला, तिथे कारला १२० ची मुभा आहे. पाचवा गिअर टाकलेली जुनी जीप घेऊन तिथे शंभरी गाठण्याची स्वप्नं मी ऐकली आहेत. लांब पाट्यांवर डोलणारी, चारही चाकांना ड्रम असलेली गाडी त्या वेगासाठी नाही. ओव्हरड्राइव्ह ऐंशीला आराम देतो. त्याच्याकडून तेवढंच घ्यावं.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने लावलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी तिथे बसत नाही. ज्याच्याकडे १९६० च्या दशकातली अस्सल सीजे-३बी आहे त्याने तिचे मूळ ॲक्सल आणि मूळ बॉक्स अजिबात हलवू नयेत. झाकण काढून बसवायचं आणि परत काढता येणारं ओव्हरड्राइव्ह हाच तिच्यासाठी योग्य मार्ग, तोही मूळ झाकण जपून ठेवून.

आता गॅरेजमधल्या गोष्टी, कारण चांगला निर्णय वाईट बसवणुकीने वाया जातो. पहिलं काम, सध्याचा आकडा खात्रीने माहीत करून घेणं. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. जुन्या जिपांची हौसिंगं इतक्या वेळा इकडची तिकडे झाली आहेत की कागद आणि लोखंड जुळतीलच असं नाही. मागचं एक चाक जमिनीवर अडवून ठेवा, दुसरं जॅकवर उचला, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. शाफ्ट जितका फिरला तितका तुमचा आकडा. मग पुढच्या ॲक्सलचंही तसंच मोजा. फोर व्हील जिपेत पुढचा आणि मागचा आकडा सारखाच लागतो. मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ राहिला तर चिखलात फार कळत नाही, पण फोर व्हील लावून कोरड्या डांबरावर आलात की दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसचे दात जातात. म्हणून ॲक्सल बदलण्याचा खर्च नेहमी दोन ॲक्सलचा धरायचा. ओव्हरड्राइव्हच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा, आणि माझ्या मते निर्णायक.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. त्यामुळे ट्रान्सफर केसवरच्या ओव्हरड्राइव्हने काटा बिघडत नाही, ॲक्सल बदलल्याने बिघडतो. ५.३८ चा ४.२७ केला आणि मीटर तसाच ठेवला, तर काटा ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी शंभराला असेल. केबलचा छोटा गिअर त्याच वेळी बदलून घ्या.

क्राऊन-पिनियन नवी टाकली तर जोडीच घ्या. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीच जुळत नाही, कारण ते कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने जुळवलेले असतात. पिनियनची खोली शिमने ठरवायची, दातांमधली ढील डायल गेजने मोजायची, साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान, आणि दातांना रंग लावून ठसा दाताच्या मध्यावर येतो का ते पाहायचं. ‘हाताने हलवून बरोबर वाटतंय’ असं म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून हे काम करून घेऊ नका, तो कितीही जुना असला तरी. हौसिंगमध्ये जीएल-५ प्रतीचं तेल आणि पितळी सिंक्रो असलेल्या गिअर बॉक्समध्ये जीएल-४. दोन्हीकडे एकच डबा ओतला तर सिंक्रोचं पितळ हळूहळू खाल्लं जातं. नव्या जोडीवर पहिले तीस किलोमीटर सावकाश चालवून थांबा आणि हौसिंग अर्धा तास थंड होऊ द्या, मग पुन्हा निघा. पहिले आठशे किलोमीटर ट्रेलर जोडू नका, एकाच वेगाने लांब पळवू नका, आणि त्यानंतर ते तेल काढून चुंबकाने तपासा. बारीक करडी भुकटी निघाली तर ठीक आहे. कणी हाताला टोचत असेल तर झाकण पुन्हा उघडा.